रेषेच्या अलीकडची मुलं

ज्यांना हवं ते कॉलेज मिळतं ती मुलं फोन करून सांगतात. ज्यांचं हुकतं त्यांच्यातली काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटायला येतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलतात आणि निघता निघता विचारतात, "मॅडम, मी नेमकी कुठे कमी पडले?" सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना गणित शिकवण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण हा प्रश्न दर निकालानंतर येतोच. त्याचं मला पटलेलं उत्तर गणितातलंच आहे. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण निकालाच्या आठवड्यात ते ऐकून घेण्याइतकं बळ कोणाच्याच अंगात उरलेलं नसतं.

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवर अमेरिकेत मोठा खटला चालला. त्याच्या २०१९ च्या निकालपत्रात एका वर्षाचे आकडे दिले आहेत. त्या वर्षी देशातून सुमारे २६,००० मुलांनी अर्ज केले होते. त्यांतल्या ८,००० हून अधिक मुलांचे शाळेतले गुण सर्वोच्च होते, म्हणजे त्याच्या वर जायला जागाच नव्हती. सुमारे ३,५०० जणांना सॅट या कॉलेजप्रवेशासाठीच्या परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी होते आणि सुमारे २,७०० जणांना भाषेत. पहिल्या वर्षाच्या जागा होत्या साधारण १,६००. समजा, विद्यापीठाने बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि सगळ्या जागा फक्त शाळेत सर्वोच्च गुण असलेल्यांना दिल्या. तरी सहा हजारांहून अधिक मुलांना नकार द्यावाच लागला असता. ही सहा हजार मुलं कुठे कमी पडली? कुठेच नाही. कमी होत्या त्या जागा.

"ते तिकडे निबंध आणि शिफारसपत्रं बघतात, तिथे असंच व्हायचं," असं मुलं म्हणतात. "आमच्याकडे सरळ परीक्षा असते. गुण म्हणजे गुण." या बोलण्यात तथ्य आहे, पण ते जितकं वाटतं तितकं नाही. जेईई मेनचा पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत देतात. बरोबरीत येणारी मुलं वेगळी करता यावीत, म्हणून तसं करावं लागतं. व्यवस्थेची गरज मला समजते. पण सतरा वर्षांची मुलगी तो आकडा बघते तेव्हा तिला वाटतं, एखाद्या सूक्ष्म यंत्राने आपल्याला आतून मोजलं आहे. प्रत्यक्षात सातव्या स्थळावरचा अंक तिच्याबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त रांग लावतो.

सॅट परीक्षा घेणारी संस्था तर विद्यार्थ्याला गुणांबरोबर त्यांची मर्यादाही सांगते: हेच मूल पुन्हा परीक्षेला बसलं, तर एका विभागातले गुण साधारण ३० ते ४० नी वर किंवा खाली जाऊ शकतात. ७०० आणि ७२० मिळवणाऱ्या दोघांत ठामपणे डावं-उजवं करता येणार नाही, असं परीक्षा घेणारेच म्हणत आहेत. हे वाक्य प्रत्येक गुणपत्रिकेवर, प्रत्येक देशात, ठळक अक्षरांत छापलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

२०२४ च्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं आधी बरोबर धरली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि चार लाखांहून जास्त मुलांचे प्रत्येकी ५ गुण कमी झाले. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ होते, ते १७ उरले. एक प्रश्न! त्या चार लाख मुलांपैकी एकाचंही ज्ञान त्या आठवड्यात कमी झालेलं नव्हतं. दक्षिण कोरियात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सोलमधल्या एका केंद्रावर पहिल्याच पेपरची शेवटची घंटा सुमारे दीड मिनिट आधी वाजली. मुलांनी तक्रार केल्यावर जेवणाच्या सुट्टीत तेवढा वेळ परत दिला, पण आधी लिहिलेली उत्तरं बदलायची परवानगी नव्हती. पुढचे सगळे पेपर मुलांनी त्याच अस्वस्थतेत दिले आणि नंतर त्यांच्यातली ३९ जणं न्यायालयात गेली. दीड मिनिटासाठी एवढा आटापिटा कशाला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण हा तो देश आहे जिथे या परीक्षेतल्या इंग्रजी ऐकण्याच्या भागाच्या वेळी विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. त्या एका दिवसाला एवढं मोठं केलं कोणी? मुलांनी तर नाही.

मला इथे परीक्षांची निंदा करायची नाही. ज्याने अभ्यास केला आणि ज्याने केला नाही, त्यांच्यातला फरक चांगली परीक्षा बऱ्यापैकी ओळखते. कोणाच्या घरी कोण ओळखीचं आहे, हे तिला ठाऊक नसतं, आणि ही तिची फार मोठी गोष्ट आहे. चीनमध्ये जुन्या राजसत्तेच्या परीक्षांत उत्तरपत्रिका कारकुनांकडून पुन्हा लिहून घेत, म्हणजे तपासणाऱ्याला हस्ताक्षरावरून माणूस ओळखता येऊ नये. हजार वर्षांपूर्वीची ही काळजी वाचली की मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. परीक्षेचं मोजमाप अपुरं पडतं ते एकाच ठिकाणी, कट-ऑफच्या रेषेच्या आसपास. आणि नेमकी तिथेही मोठी गर्दी असते. लाखो मुलांच्या परीक्षेत एकेका गुणावर शेकडो, कधी हजारो मुलं असतात. तोच पेपर आठवड्याने पुन्हा घेतला तर अगदी वरची मुलं वरच राहतील, फार खालची खालीच राहतील, पण रेषेजवळची कितीतरी मुलं इकडची तिकडे होतील. कोणाला रात्री झोप लागली, कोणाला तो एक प्रश्न आधी सोडवलेला निघाला, कोणाचं पोट बिघडलं, एवढ्यावर.

महत्त्वाकांक्षी मुलं या रेषेजवळ चुकून येत नाहीत. ती ठरवूनच तिथे उभी राहतात. सहज मिळेल अशा कॉलेजवर त्यांचा डोळा नसतोच. आपल्या आवाक्याच्या जेमतेम आत किंवा जेमतेम बाहेर जे असेल, तेच त्यांना हवं असतं. आणखी हुशार मूल असेल तर ते आणखी वरच्या रेषेजवळ जाऊन उभं राहतं. म्हणून नकार हा महत्त्वाकांक्षेबरोबरच येतो. ज्या मुलाला कधीच नकार मिळाला नाही, त्याने कदाचित पुरेसं वरचं काही मागितलंच नसेल. ही गोष्ट मी मुलांना परीक्षेच्या वर्षभर आधी सांगते. नंतर सांगितली तर ती समजूत काढल्यासारखी वाटते.

दरवाजे अरुंद होत चालले आहेत ही भावनाही मुलांच्या मनात असते, आणि त्यामागचं कारण बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७५ साली १५ कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज सुरू केला, 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाचा. आज तो हजाराहून अधिक कॉलेजांत चालतो. अर्ज करणं सोपं झालं तसं एकेक मूल जास्त ठिकाणी अर्ज करू लागलं. मुलं तेवढीच, जागाही तेवढ्याच, पण प्रत्येक कॉलेजकडे येणारे अर्ज वाढले आणि प्रवेशाचं प्रमाण घसरलं. ते घसरलेलं प्रमाण बघून पुढच्या वर्षीची मुलं घाबरली आणि त्यांनी आणखी चार अर्ज जास्त केले. भीतीतून आकडा आणि आकड्यातून भीती, असं हे चक्र आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ मध्ये दरवर्षी हे प्रमाण जाहीर करणं थांबवायचं ठरवलं, आणि मला तो निर्णय योग्य वाटला. जिथे अर्जांऐवजी एकच परीक्षा असते, तिथे हेच चक्र क्लास आणि मॉक टेस्टच्या रूपाने फिरतं. सगळ्यांची तयारी वाढते, सगळ्यांचे गुण वाढतात, कट-ऑफ वर सरकतो, आणि गेल्या वर्षी ज्या गुणांवर आनंद साजरा झाला असता त्याच गुणांवर या वर्षी घरात कोणी जेवत नाही.

आता शरीराबद्दल, कारण ताण डोक्यात असतो असं आपण म्हणतो आणि शरीर विसरतो. वयात येताना मुलांचं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून त्यांना अकरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी सहाला उठवत नाही. यात आळस नाही, ही शरीराची रचना आहे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळांसाठी तसा कायदाच केला आणि तो २०२२ पासून लागू झाला. मला वर्गात जे दिसतं ते असं: पहाटे दोनपर्यंत जागलेलं मूल संकल्पना विसरत नाही, ते चिन्ह चुकवतं. वजाचं अधिक करतं, कंसाबाहेरचा दोन आत घ्यायला विसरतं. मग त्याला वाटतं, आपला सराव कमी पडतो आहे. त्या रात्री ते आणखी एक तास जागतं. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच होत असतं, आणि तोच वेळ आपण अभ्यासाच्या नावाने कापून टाकतो.

एकाच पानावरून पुन्हा पुन्हा डोळे फिरवणं हाही असाच वाया जाणारा वेळ आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. गंमत अशी की पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त येतं असा भरवसा वाटत होता. पुस्तक मिटा, कागदावर लिहा, चुका, मग उघडून बघा. तासाभरात जे होतं त्यासाठी तीन तास देऊ नका, उरलेले दोन तास झोपा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी जी हे ऐकतात त्यांचे चेहरे महिन्याभरात बदललेले मी पाहिले आहेत.

पालक मला सांगतात, "आम्ही काहीच दबाव टाकत नाही." ते खरं बोलत असतात. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,००० हून अधिक कॉलेजवयीन मुलांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. आपण निर्दोषच असलं पाहिजे ही मुलांची भावना या काळात वाढली होती. पण सगळ्यात जास्त, सुमारे ३३ टक्क्यांनी, वाढली होती ती 'इतरांना माझ्याकडून निर्दोषपणाच हवा आहे' ही भावना. इतरांना तसं खरोखर हवं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे. मुलांना तसं वाटत होतं, आणि जगायचं तर त्यांनाच होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका अहवालात, ज्या मुलांना धोका जास्त आहे अशांच्या गटांत, अतिशय चढाओढीच्या नामवंत शाळांतल्या मुलांचाही समावेश केला गेला. गरिबी सोसणाऱ्या मुलांच्या जोडीने. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला विश्वास ठेवणं जड गेलं. मग वर्गातल्या पहिल्या बाकावरचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि जड गेलं नाही.

दबाव ओरडून टाकावा लागत नाही. मूल घरी आल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यातून तो कळतो. पेपर चांगला गेला की आईचा आवाज किंचित मोकळा होतो, वाईट गेला की बाबा जरा लवकर खोलीत जातात. बोलायची गरजच नसते. एक मुलगी मला म्हणाली होती, "मला कोणी रागावत नाही. पण मी टॉपला असते तेव्हा घरात सगळे एकमेकांशी नीट वागतात." आख्ख्या घराची मनःशांती आपल्या रँकवर उभी आहे असं वाटणारं ते मूल रात्री पुस्तक मिटणार कसं?

नकार मिळालेल्या मुलांना धीर द्यायला लोक थोरांच्या गोष्टी सांगतात. आइनस्टाइन झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत १८९५ मध्ये नापास झाला होता, गालवा या फ्रेंच गणितज्ञाला पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेने दोनदा नाकारलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मी त्या सांगत नाही. त्यांत मुलाला ऐकू येतं ते एवढंच की नापास व्हायला हरकत नाही, फक्त नंतर आइनस्टाइन व्हायचं. म्हणजे ओझं उतरत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. आइनस्टाइनच्या गोष्टीतलं मला आवडतं ते वेगळंच आहे. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता, प्रवेशाच्या नेहमीच्या वयाहून लहान. गणित आणि भौतिकशास्त्रात चमकला, बाकीच्या विषयांत कच्चा निघाला. मग तो आरौ नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत एक वर्ष राहिला आणि १८९६ मध्ये त्याच विद्यापीठात दाखल झाला. त्या वर्षाला कोणी वाया गेलेलं वर्ष म्हणत नाही. आपल्या मुलाने एक वर्ष थांबायचं ठरवलं की मात्र घरात सुतक पडतं.

"कुठल्याही कॉलेजात गेलं तरी काही फरक पडत नाही" असंही मी सांगत नाही, कारण ते सगळ्यांसाठी खरं नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सारख्या कुवतीची आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुलं घेतली, तर नामांकित कॉलेजात गेलेली आणि कमी नामांकित ठिकाणी गेलेली यांच्या कमाईत फारसा फरक नव्हता. महत्त्वाकांक्षा आणि कुवत मुलाबरोबर जाते, ती कॉलेजच्या फाटकापाशी राहत नाही. पण त्याच अभ्यासात गरीब घरांतल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा होताना दिसला. ज्या घरातून कोणीच कधी कॉलेजात गेलेलं नाही, तिथल्या मुलाला कॉलेजचं नाव ओळखी मिळवून देतं, आणि ओळखी त्याला दुसरीकडून मिळणार नसतात. शिवाय वैद्यकशास्त्रासारख्या विषयात जागा नाही मिळाली तर डॉक्टर होताच येत नाही. तिथे त्या मुलाचं नुकसान खरं असतं, आणि त्याच्या दुःखाला छोटं म्हणायचा अधिकार कोणाला नाही.

नेदरलँड्सने या वैद्यकीय जागांसाठी एक वेगळाच मार्ग धरला होता. १९७० च्या दशकापासून २०१७ पर्यंत तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश देत. गुण जास्त तर नंबर लागायची शक्यता जास्त, पण शेवटी चिठ्ठीच. १९९० च्या दशकात एका अत्यंत हुशार विद्यार्थिनीला लागोपाठ नकार मिळाल्यावर मोठा गदारोळ झाला आणि सर्वोच्च गुणांना थेट प्रवेश देण्यात आला. पुढे पद्धतच बंद झाली, आणि आता विद्यापीठांना ती पुन्हा वापरायची मुभा मिळाली आहे. लोकांना ती सहन का झाली नाही, हे मी समजू शकते. पण त्या चिठ्ठीत एक प्रामाणिकपणा होता. ती मुलाला सांगत होती: तू पात्र आहेस, जागा पुरल्या नाहीत. कट-ऑफची रेषा रेषेजवळच्या मुलांसाठी बऱ्याच अंशी चिठ्ठीचंच काम करते, फक्त ते कबूल करत नाही.

हे मी वर्गात मांडलं तेव्हा एक मुलगी चिडली. "मग आम्ही दोन वर्षं मेहनत कशाला करतो आहोत?" तिचा राग रास्त होता, आणि उत्तर द्यायला मी घाई केली नाही. मेहनतीने तुम्ही त्या पट्ट्यात पोचता जिथे चिठ्ठी तुमच्या नावाची असते. लाखो मुलं तिथवर येत नाहीत. त्यापुढचा शेवटचा थोडा भाग तुमच्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. आणि शिकलेलं तर परत घेतलं जात नाही. जिला गणितातली मर्यादेची (लिमिटची) संकल्पना खरोखर समजली, तिला ती कुठल्याही कॉलेजात समजलेलीच राहते. त्या मुलीला हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, "बघते," आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं.

पालकांकडे माझं मागणं छोटं आहे. निकालाच्या आधी, डोकं शांत असताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीच्या कॉलेजांची माहिती पहिल्याइतक्याच आवडीने मुलाबरोबर बसून काढा. तिथले विषय बघा, कोण शिकवतं ते बघा, जमलं तर जाऊन या. निकालाच्या रात्री मूल "मला एकटं राहू दे" म्हणालं तर दार उघडं ठेवून जवळच्या खोलीत राहा. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं असेल, तर 'होईल नीट' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि त्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन सुरू होतील, ते तुम्ही घ्या. मुलाच्या हातात फोन देऊ नका. गुण किती ते सांगा, पुढे कुठे जायचा विचार आहे ते सांगा, आणि पलीकडून "अरेरे" आलं तर फोन ठेवून द्या.